नित्य शास्त्रवाचनातील न्याय आणि दया : कर्जत-खालापूरच्या वाटेवरून एक अवलोकन

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा दोन गोष्टींकडे जाते. एक, एकोणिसाव्या शतकातील धार्मिक वादविवाद; दुसरी, रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्यांची काव्यरचना. या दोहोंचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि ज्या ग्रंथावर हा सारा व्यवहार उभा होता तो ग्रंथ घरोघर कोणत्या रीतीने व कोणत्या क्रमाने वाचला जाई, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो ईश्वरी न्याय आणि ईश्वरी दया या एका जोडीपुरता विचारला आहे. वादसभेत जी दोन तत्त्वे एकमेकांस छेद देणारी भासतात, तीच नित्यवाचनात एकमेकांच्या आधाराने उभी राहतात. आणि हे घडवून आणण्यात सिद्धान्तापेक्षा वाचनाच्या क्रमाचा वाटा मोठा आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. प्रदेश

या विवेचनासाठी कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्याचे अंतर्भागातील दोन तालुके दृष्टीसमोर ठेवले आहेत. त्याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे. ख्रिस्ती संस्थांच्या इतिहासात या प्रदेशास मोठे स्थान नाही. जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चौल, रेवदंडा व कोर्लई येथे पोर्तुगीज अमलापासूनची कॅथलिक परंपरा आहे. घाट चढून गेल्यावर पुणे व अहमदनगर ही प्रॉटेस्टंट मिशनांची प्रमुख केंद्रे लागतात. या दोहोंमधील कर्जत-खालापूरच्या खोऱ्यांत ख्रिस्ती वस्ती नेहमीच थोडी राहिली. परंतु मुंबईची छापखान्यांची नगरी आणि देशावरील मिशनांची गावे यांना जोडणारी वाट याच खोऱ्यांतून जाते. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. १८५६ मध्ये लोहमार्ग घाटपायथ्याशी पोचला आणि १८६३ मध्ये घाटातील अवघड चढण पूर्ण होऊन गाडी थेट पुण्यास जाऊ लागली. त्या काळी कर्जत हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता व खालापूर त्याचा पेटा होता. १८९१ मध्ये हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. मुंबईत छापलेले शास्त्र देशावर जाण्याचा राजमार्ग तो हाच.

कर्जत तालुक्यातच माथेरान आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये ते प्रकाशात आणल्यावर तेथे युरोपियनांची हंगामी वसाहत झाली व तिच्यासाठी सेंट पॉलचे चर्च उभे राहिले. हे लोक पाळत असलेल्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत वाटून दिलेली आहेत. म्हणजे नेमून दिलेल्या नित्यवाचनाची एक जुनी पद्धती या डोंगरावरही येऊन पोचली होती. अर्थात ती इंग्रजी भाषेतील होती. आपल्याला प्रयोजन आहे ते मराठीतील वाचनाशी. जेथे मंडळी थोडी आणि पाळक नित्य उपलब्ध नसतो, तेथे उपदेशाची जागा घरातील वाचन घेते. म्हणूनच नित्यवाचनाचा विचार मोठ्या मिशन-केंद्रातून करण्यापेक्षा अशा विरळ वस्तीच्या प्रदेशातून करणे अधिक सयुक्तिक ठरते.

२. शब्दांची निवड

मराठीत ख्रिस्ती कथावाचनाची परंपरा मुद्रित बायबलापेक्षा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मंडळींपुढे वाचण्यासाठी होता व त्याचे रूप पुराणाचे होते. पुढे बायबलाच्या भाषांतरास विल्यम केरी यांनी श्रीरामपूर येथे आरंभ केला. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने १८२६ मध्ये नवा करार व १८४७ मध्ये संपूर्ण बायबल सिद्ध केले.

या भाषांतरकारांपुढील अडचण केवळ व्याकरणाची नव्हती. ‘न्याय’ या शब्दास मराठीत तर्कशास्त्र, दृष्टान्त आणि निवाडा असे तिन्ही अर्थ आहेत. शिवाय ईश्वरी न्यायाची कल्पना कोकणच्या रयतेस नवी नव्हती. मराठेशाहीत गोतसभा बसे, महजर होई, आणि साक्षीपुराव्याने निकाल न लागल्यास पक्षकार दिव्यास उभे राहत. तापलेल्या तेला-तुपातून धातूचा रवा हाताने काढणे यास रवादिव्य म्हणत. हात भाजला नाही तर देवाने न्याय दिला असे सर्वांनी मानावयाचे. ग्रामदैवतास कौल लावण्याची रीत तर कोकणात आजही आहे. या न्यायात देव विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट प्रश्नापुरता बोलतो. आणि तो निकाल देतो, दया करीत नाही. उलटपक्षी ‘दया’, ‘कृपा’, ‘करुणा’ हे शब्द संतवाङ्मयातून आलेले. त्यांच्यामागे कचेरी नव्हती, माउली होती. अशा रीतीने ही दोन तत्त्वे मराठीत दोन निरनिराळ्या दालनांत वास करीत होती.

मूळ भाषांतील शब्दांची रचना याहून भिन्न आहे. हिब्रूतील ‘मिश्पात’ म्हणजे न्याय. परंतु त्यात दंड जितका आहे तितकेच नाडलेल्यास त्याचा वाटा मिळवून देणे आहे. ‘त्सदाका’ म्हणजे सरळ वर्तन. पुढील यहुदी व्यवहारात हाच शब्द दानधर्मासाठी रूढ झाला. ‘हेसेद’ म्हणजे कराराने बांधलेल्यांमधील टिकाऊ माया. मराठीत पहिल्यास ‘न्याय’, दुसऱ्यास ‘न्यायीपण’ वा ‘नीतिमत्त्व’ आणि तिसऱ्यास बहुधा ‘दया’ असे शब्द योजले गेले. ‘नीतिमत्त्व’ या शब्दाने कचेरीचा वास काढून टाकला, पण त्याबरोबर निवाड्याची धारही कमी केली. ‘दया’ या शब्दाने ओलावा आणला, पण कराराचे बंधन मागे राहिले. भाषांतरात असे काही मिळते आणि काही निसटते; त्याचा दोष कोणास देण्याचे कारण नाही.

दोन शब्दांत मात्र मराठी भाषांतरकारांनी विशेष मार्मिकता दाखविली आहे. पहिला ‘प्रायश्चित्त’. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त पातक्याने स्वतः घ्यावयाचे असते. मराठी नव्या करारात तोच शब्द देवाने सिद्ध केलेल्या उपायासाठी येतो. शब्द जुनाच राहिला, कर्ता बदलला. दुसरा ‘दयासन’. निर्गमाच्या पुस्तकात आज्ञांच्या शिळा ठेवण्यासाठी कोश करण्यास सांगितले आहे व त्या कोशावर शुद्ध सोन्याचे झाकण घालण्यास सांगितले आहे. त्या झाकणास मराठीत दयासन म्हटले आहे. ‘सिंहासन’, ‘न्यायासन’ या शब्दांच्या ओळीत तो सहज बसतो. आत नियमशास्त्र आणि वर दयेचे आसन, ही रचना मराठी वाचकाच्या मनात या एका सामासिक शब्दाने उभी राहते.

३. वादसभा

शब्द असे सिद्ध झाल्यावर त्यांचा पहिला गाजलेला उपयोग वादात झाला. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर व डॉ. जॉन विल्सन यांचा मुंबईत वाद झाला. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी संवाद चालविला. विष्णुबुवा हे याच जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील शिरवलीचे. घाटाखालच्या मुलखाने या वादास दिलेला तो मोठा पुरुष होय.

या काळच्या वादवाङ्मयात न्याय आणि दया यांचा पेच पुनःपुन्हा येतो. मिशनऱ्यांचा प्रश्न असा असे की, देव न्यायी असेल तर पापाचा मोबदला घेतल्यावाचून तो क्षमा कशी करील? प्रतिपक्षाचा प्रश्न असा की, एकाच्या अपराधासाठी दुसऱ्या निरपराध्यास दुःख भोगावयास लावणे हा न्याय कसा? आणि कर्माचे फळ ज्याचे त्यास मिळत असेल, तर मध्येच दया करणारा देव स्वतःचाच नियम मोडीत नाही काय? दोन्ही पक्षांचे प्रश्न तर्कशुद्ध आहेत, परंतु दोघांचीही एक गृहीत धारणा समान आहे. ती अशी की न्याय म्हणजे दंड, दया म्हणजे दंडाची माफी, आणि एक वाढली की दुसरी घटणारच. वाद जिंकावयाचा असल्याने शास्त्रातील वचने प्रत्येकजण सुटी करून हाती घेई.

आपली साधने बहुतेक या वादवाङ्मयातील आहेत. त्यामुळे त्या काळच्या ख्रिस्ती मनातील देवाची मूर्ती आपणही त्याच साच्यात पाहतो. येथे इतिहासकाराने सावध झाले पाहिजे.

४. वाचनाचा क्रम

नित्यवाचनात वचन सुटे येत नाही. बायबलात ११८९ अध्याय आहेत. रोज एक अध्याय वाचणाऱ्यास ते संपविण्यास सव्वातीन वर्षे लागतात. वर्षभरात ते पूर्ण करण्यासाठी स्कॉटिश पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी एक वाचनसारणी तयार केली. तीत जुना करार एकदा, तर नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली व मुंबईचे डॉ. विल्सन फ्री चर्चमध्ये गेले. मॅकचेन यांची सारणी याच प्रवाहातील कुटुंबांत विशेष प्रिय झाली. क्रमवाचनाचा हा संस्कार पारायणाहून वेगळा आहे. पारायणास संकल्प व समाप्ती असते. नित्यवाचन संपले की पुन्हा उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून सुरू होते.

या क्रमाचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात देवाच्या स्वरूपाचे एक सूत्र आले आहे. देव दयाळू, मंदक्रोध व क्षमाशील आहे, असा त्याचा पूर्वार्ध. अपराध्यास तो निर्दोष सोडीत नाही, असा उत्तरार्ध. हे सूत्र पुढे गणना, नहेम्या, स्तोत्रसंहिता, योएल, योना व नहूम यांत कमीअधिक फरकाने पुन्हा येते. यांपैकी योना व नहूम यांचा संबंध लक्षणीय आहे. दोन्ही पुस्तके निनवे या एकाच नगराविषयी आहेत. योना निनवेकरांच्या नाशाचा संदेश घेऊन जातो. नगर पश्चात्ताप करते, देव त्यास क्षमा करतो, आणि योना संतापून त्याच सूत्राचा पूर्वार्ध देवापुढे तक्रार म्हणून मांडतो. देव दयाळू आहे हे ठाऊक होते म्हणूनच मी पळून गेलो, असे तो म्हणतो. नहूमात त्याच सूत्राचा उत्तरार्ध प्रधान होतो आणि निनवेचा नाश वर्णिला जातो, कारण ते नगर रक्तपाताने व लुटीने भरले आहे.

मराठी बायबलात योना, मीखा व नहूम ही पुस्तके या क्रमाने लागोपाठ येतात. त्यांचे अध्याय अनुक्रमे चार, सात व तीन. रोज एक अध्याय वाचणारा वाचक चौदा दिवसांत दयेविषयीच्या तक्रारीपासून दंडाच्या वर्णनापर्यंत जातो, आणि मधल्या आठवड्यात मीखा त्यास सांगतो की न्यायाने वागणे व दयेची आवड धरणे या दोन्ही गोष्टी देव माणसाकडून एकत्रच मागतो. वादातील प्रश्न येथे उलटा होऊन वाचकाच्या अंगावर येतो. देव न्यायी की दयाळू, हे ठरविण्यापूर्वी शत्रूवर झालेली दया तुला सहन होते काय, हे त्यास सांगावे लागते. योनाचे पुस्तक प्रश्नावरच संपते. नित्यवाचकास दुसऱ्या दिवशी मीखाचा पहिला अध्याय उघडावा लागतो. उत्तर मात्र दिवसभर त्याच्याजवळच राहते.

क्रमवाचनाचे वैशिष्ट्य तुलनेने अधिक उठून दिसते. याच जिल्ह्यातील बेने इस्राएल समाज, ज्यास लोक शनवार तेली म्हणत, हा मराठी भाषेत जुन्या कराराशी परिचित झालेला एक आद्य समाज होय. अमेरिकन मिशनऱ्यांनी कोकणात काढलेल्या शाळांशी त्याचा निकट संबंध आला. यहुदी उपासनेत निर्गमातील हेच सूत्र देवाचे तेरा दयागुण म्हणून म्हटले जाते. परंतु तेथे ते वाक्य मध्येच थांबविले जाते. ‘निर्दोष सोडीत नाही’ या अर्थाच्या हिब्रू वाक्प्रयोगातील नकार वगळून केवळ ‘निर्दोष ठरवितो’ एवढाच भाग म्हटला जातो. प्रार्थना करणाऱ्याने देवाच्या दयेचाच आधार धरावा, हे त्यामागील धोरण. घरी मराठी शास्त्र क्रमाने वाचणाऱ्यास मात्र संपूर्ण वाक्य वाचावे लागते. निवडक पठण आणि क्रमवाचन यांतील हा भेद श्रद्धेच्या न्यूनाधिक्याचा नाही. एकाच वचनाच्या दोन उपयोगांचा आहे.

कॅथलिक परंपरेत क्रमवाचनाचा मार्ग निराळा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत देशी भाषा आल्या आणि १९६९ च्या नव्या वाचनक्रमात सामान्य दिवसांसाठी दोन वर्षांचे चक्र ठरले. यात योनाचे वाचन पहिल्या वर्षी व नहूमाचे दुसऱ्या वर्षी येते. चौदा दिवसांतील शेजार येथे वर्षभराने दुरावतो. पण उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातील शनिवारी मीखाच्या शेवटच्या अध्यायातील क्षमेचा उतारा आणि लूकातील उधळ्या पुत्राची कथा एकत्र वाचल्या जातात. घरी राहिलेल्या थोरल्या भावाची न्यायाची तक्रार त्याच कथेत असल्याने योनाचा प्रश्न तेथे पुन्हा उभा राहतो. याउलट १९७१ च्या सुधारित प्रहरप्रार्थनेतून अट्ठावन्न, त्र्याऐंशी व एकशे नऊ ही शापवचनांची तीन स्तोत्रे पूर्णपणे गाळली गेली. दंडाची भाषा प्रार्थनेत कितपत असावी, हा प्रश्न यावरून विसाव्या शतकातही जिवंत होता असे दिसते.

५. वाचणारे कोण?

येथवर वाचनाच्या रचनेचा विचार झाला. परंतु न्याय या शब्दाचा अर्थ वाचणाऱ्याच्या स्थितीवरही अवलंबून असतो. या दृष्टीने पंडिता रमाबाईंचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. मुंबईहून रमाबाईंच्या केडगावास जाणारा लोहमार्ग कर्जतवरूनच घाट चढतो. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो निराधार मुली व विधवा केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये आणल्या. तेथील एका सदनास त्यांनी ‘कृपासदन’ हे नाव दिले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी ते होते. न्यायाने ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्या घराचे नाव कृपा असावे, ही योजना विचारपूर्वक केलेली दिसते. इंग्लंडमध्ये अशाच स्त्रियांसाठी चाललेले एक सेवागृह रमाबाईंनी पाहिले होते आणि तेथे योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविली गेली होती. त्या वाचनाचा आपल्यावर झालेला परिणाम त्यांनी स्वतःच नमूद केला आहे.

प्रचलित मराठी बायबलाची भाषा खेड्यातील स्त्रियांस दुर्बोध आहे, असे रमाबाईंचे मत झाले. म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून स्वतंत्र भाषांतर हाती घेतले. १९२२ मध्ये त्यांचे निधन होण्यापूर्वी काम पुरे झाले व १९२४ मध्ये संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविण्यापासूनची कामे तेथील स्त्रियांनीच केली. विधवेस व अनाथास जाचू नका, त्यांची हाक देव ऐकतो, हे निर्गमातील वचन या स्त्रियांनी वाचले तेव्हा त्यांच्या लेखी देवाचा क्रोध ही भयाची गोष्ट राहिली नसावी. देव न्याय करावयास येत आहे म्हणून पृथ्वीने आनंद करावा, असे स्तोत्रांत म्हटले आहे. ज्याने अन्याय केला त्यास हे वचन कठोर वाटेल. ज्याच्यावर अन्याय झाला त्यास तीच दया वाटेल. वादसभेत बसलेले विद्वान बहुधा पहिल्या बाजूने विचार करीत होते. वाचणाऱ्यांतील पुष्कळजण दुसऱ्या बाजूस होते.

कर्जत-खालापूरच्या संदर्भात याच मुद्द्यास ऋणाचा एक पदर आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रार्थनेत पापासाठी ‘ऋण’ हाच शब्द मराठीत आहे. त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एका चाकराची कथा आहे. राजाचे दहा हजार तालांत देणे असलेल्या या चाकरास राजा माफी देतो, आणि तोच चाकर आपल्या सोबत्यास शंभर दीनारांसाठी तुरुंगात घालवितो. दोन अध्याय पुढे द्राक्षमळ्याच्या कथेत दीनार ही एका दिवसाची मजुरी असल्याचे कळते. तालांत सुमारे सहा हजार दीनारांचा धरला, तर पहिले देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे व दुसरे शंभर दिवसांच्या मजुरीचे ठरते. भातशेतीच्या हंगामानंतर वीटभट्टीवर उचल घेऊन जाणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या या मुलखात उचलीपोटी अंगावर राहिलेले देणे म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. वेठबिगारीस कायद्याने बंदी १९७६ मध्ये झाली. देणे न फिटल्यास ऋणकोस बायकामुलांसह विकण्याची आज्ञा त्या कथेत आहे. ती येथील वाचकास परदेशी वाटण्याचे कारण नाही. शिवाय कथेचा शेवट दयेने होत नाही. माफी मिळूनही माफ न करणाऱ्यास राजा पुन्हा धरतो. म्हणजे दया ही न्यायाची माफी नसून नव्या न्यायाचा आरंभ आहे, असा कथेचा रोख आहे. याकोबाचे पत्रही दया न करणाऱ्याचा न्याय दयेवाचून होईल असेच बजावते.

६. समारोप

खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. त्यांनी ‘ख्रिस्त-धर्म-सार’ या नावाने नव्या करारातील वेचे संकलित केले. सार काढणे ही वाचनाची एक थोर पद्धती आहे व तिचे स्थान कोणी नाकारणार नाही. परंतु सारात न्याय व दया यांपैकी काय ठेवावे याची निवड संकलकास करावी लागते. नित्यवाचनात ती सोय नसते. जे पुढे येईल ते वाचावे लागते. नेमक्या याच गैरसोयीमुळे मराठी वाचकास संपूर्ण वाक्य भेटत राहिले.

यावरून संशोधनाची एक दिशा सुचविता येते. वादग्रंथांबरोबरच वाचनसारण्या, घरोघरच्या जुन्या बायबलांतील खुणा व समासातील टिपा, छापखान्यांच्या आवृत्त्या यांचाही इतिहासाची साधने म्हणून संग्रह झाला पाहिजे. कर्जत, नेरळ, खोपोली अशा ठिकाणच्या थोड्या कुटुंबांकडे अशी पुस्तके असतील तर ती त्यांच्या हातून जाण्यापूर्वी पाहिली जावीत. वादग्रंथांतून त्या पिढ्यांनी देवाविषयी काय प्रतिपादले ते कळते. रोज सकाळी दिव्याच्या उजेडात त्यांनी काय ऐकून घेतले, हे कळण्यास मात्र समासातील त्या खुणांकडेच जावे लागेल.